पार्ट्स ऑफ स्पीच पाठ आहेत पण वाक्यात ओळखताना चुकतात: नेमकं कुठे अडतं आणि काय करायचं

प्रॉब्लेम बहुतेक घरांत सारखाच असतो. मुलीला विचारलं नाऊन म्हणजे काय, तर व्याख्या धडाधड येते. ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब, ॲडव्हर्ब सगळ्यांच्या व्याख्या येतात, पार्ट्स ऑफ स्पीचची, म्हणजे शब्दांच्या जातींची, आठही नावं ओळीने येतात, नाम, सर्वनाम, विशेषण ही मराठी नावं पण येतात. आणि पेपरात एक वाक्य देऊन त्यातल्या शब्दाखाली रेघ मारून विचारलं की याची जात सांग, की तिथे अंदाजपंचे दाहोदरसे. मग घरचे म्हणतात अभ्यास कमी पडतोय, परत व्याख्या घोकायला बसवतात, पुढच्या चाचणीत परत तेच. स्कॉलरशिपच्या परीक्षेला हेच, नववी-दहावीला हेच, आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पंचविशीतली मुलं पण याच ठिकाणी हमखास येणारे मार्क घालवतात. मराठी माध्यमात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्लिश आहे, म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं होतात, तरी ही अडचण सुटत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण ही सुटण्यासारखी आहे.

मी संध्याकाळी मुलांना इंग्लिश शिकवते, त्यामुळे याच चुका पुन्हा पुन्हा बघायला मिळतात. माझं ठाम मत असं झालंय की अभ्यास कमी पडत नाही, मुलं चुकीच्या जागी बघतात. ती शब्दाकडे बघतात, आणि इंग्लिशमध्ये उत्तर शब्दात नसतं, शब्द वाक्यात कुठे बसलाय त्यात असतं.

आधी कारण नीट समजून घ्या, नाहीतर खालचे उपाय पण पाठांतरात जातील.

मराठीत शब्द आपलं काम स्वतःच्या अंगावर घेऊन फिरतो. 'मांजर कुत्र्याला चावलं' म्हणा किंवा 'कुत्र्याला मांजर चावलं' म्हणा, चावणारं मांजरच राहतं, कारण 'ला' कुत्र्याला चिकटलाय, तो कुठेही गेला तरी त्याच्याबरोबर जातो. इंग्लिशमध्ये 'द कॅट बिट द डॉग' चं 'द डॉग बिट द कॅट' केलं की चावणाराच बदलला, एकही अक्षर न बदलता. जुन्या काळच्या इंग्लिशला पण आपल्यासारख्या विभक्ती होत्या, शब्दाला प्रत्यय लागायचे, पण काही शतकांत ते बहुतेक सगळे झिजून गेले आणि त्यांचं काम जागेने उचललं. त्यामुळे एकच शब्द जरासुद्धा न बदलता नाऊनच्या जागी बसतो, उठून व्हर्बच्या जागी बसतो, तिथून ॲडजेक्टिव्हच्या. मराठी मुलाला सवय असते शब्दाचं शेपूट बघायची, आणि इथे शेपूटच नाही, मग तो अर्थावर जातो, आणि अर्थावर गेला की फसतो.

अर्थावर का फसतो? कारण व्याख्याच तशा आहेत. 'क्रिया दाखवतो तो व्हर्ब.' ठीक आहे, मग 'द फाइट लास्टेड टेन मिनिट्स' यात 'फाइट' काय? मारामारी ही क्रियाच आहे की. पण तो इथे नाऊन आहे. आणि 'शी ओन्स अ शॉप' यात कोण काय करतंय? कोणीच काही करत नाही, तिच्या मालकीचं दुकान आहे एवढंच, तरी 'ओन्स' हा पक्का व्हर्ब आहे. 'नो' (माहीत असणं), 'सीम', 'बिलाँग', 'इज', सगळे व्हर्ब, कोणाचाही हात-पाय हलत नाही. व्याख्या खोटी आहे असं मी म्हणत नाही, लहान वर्गात सुरुवात करायला ती बरी आहे, पण ओळखायचं हत्यार म्हणून ती चालत नाही.

शब्दाचा अर्थ माहीत नसतानाही जात कळते, हे मुलांना पटवायला मी एक निरर्थक वाक्य फळ्यावर लिहिते. 'खमट्या लिंबोऱ्याने दोन टुपकं गचकावली.' विचारा, केलं कोणी? लिंबोऱ्याने. कसला लिंबोऱ्या? खमट्या. काय केलं? गचकावली. काय गचकावलं? टुपकं, आणि एक नाही, दोन. 'दोन' सोडला तर एकाही शब्दाला अर्थ नाही आणि सगळी उत्तरं बरोबर येतात, तिसरीतली मुलं पण देतात. मग शेजारी इंग्लिशमध्ये तसंच एक, 'द फ्लोबी टर्पर ग्लिंप्ड टू मोरास'. 'द' च्या नंतर आणि 'टर्पर' च्या आधी फ्लोबी, म्हणजे ॲडजेक्टिव्ह. 'ग्लिंप्ड' ला मागे 'ड' लागलाय आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नाऊन आहेत, म्हणजे व्हर्ब. अर्थ नसताना जमलं. हे एकदा हाताला लागलं की अर्धी भीती जाते.

आता उपाय. वाक्य समोर आलं की रेघ मारलेल्या शब्दावर उडी मारू नका, आधी व्हर्ब शोधा, नेहमी आधी व्हर्ब. तो शोधायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे वाक्याचा काळ बदलायचा. आजचं वाक्य कालचं करा, कालचं असेल तर आजचं करा, जो शब्द बदलतो तो व्हर्ब. 'शी वॉक्स टू स्कूल', काल म्हटलं की 'शी वॉक्ट टू स्कूल', बदलला 'वॉक्स'. 'ही इज टायर्ड', काल 'ही वॉज टायर्ड', बदलला 'इज', आणि 'टायर्ड' ला 'एड' असूनही तो हलला नाही, म्हणजे इथे तो व्हर्ब नाही, कसा आहे ते सांगतोय, ॲडजेक्टिव्ह. मुलं 'इज' सोडून देतात आणि 'टायर्ड' ला व्हर्ब म्हणतात, ती चूक या एका टेस्टने जाते. 'पुट', 'कट', 'हिट' हे काही शब्द काळ बदलला तरी तसेच राहतात, तिथे आधी 'ही' लावून आजच्या काळात बघा, 'ही पुट्स', 'ही कट्स', 'एस' लागला की समजलं.

व्हर्ब सापडला की वाक्याचे भाग दिसायला लागतात. मग रेघ मारलेल्या शब्दाच्या आजूबाजूला बघा. त्याच्या आधी 'द', 'अ', 'माय', 'हर' असं काही आहे आणि त्यानंतर लगेच दुसरं नाऊन नाही, तर तो नाऊन. 'द' आणि नाऊनच्या मध्ये अडकलाय तर बहुतेक ॲडजेक्टिव्ह. व्हर्बच्या आसपास आहे आणि कसं, कधी, कुठे, किती याचं उत्तर देतोय तर ॲडव्हर्ब. त्याच्यानंतर नाऊन आहे आणि तो त्या नाऊनला वाक्यातल्या बाकी भागाशी जोडतोय तर प्रिपोझिशन. दोन शब्दांना किंवा दोन वाक्यांना जोडतोय तर कंजंक्शन. नाऊनच्या जागी एकटाच बसलाय तर प्रोनाऊन. इंटरजेक्शनवर वेळ घालवू नका, तो वाक्यापासून सुटा असतो, पुढे बहुतेक वेळा उद्गारचिन्ह किंवा स्वल्पविराम असतो, तिथे कोणी चुकत नाही.

एक शब्द घेऊन हे पूर्ण करून बघू. 'फास्ट' घ्या, कारण आपल्याकडे उपवास पण आहेत आणि लोकल पण आहे. 'माय मदर फास्ट्स ऑन एकादशी', काल केलं की 'फास्टेड', व्हर्ब. 'शी ब्रोक हर फास्ट', 'हर' च्या नंतर आणि पुढे काही नाही, नाऊन. 'वुई टुक अ फास्ट लोकल', 'अ' आणि 'लोकल' च्या मध्ये, ॲडजेक्टिव्ह. 'धिस लोकल रन्स फास्ट', कशी धावते, ॲडव्हर्ब. 'द बेबी इज फास्ट अस्लीप', यात 'अस्लीप' ॲडजेक्टिव्ह आहे आणि 'फास्ट' त्याला जोर देतोय, म्हणजे गाढ झोपलंय, हा पण ॲडव्हर्ब. पाच वाक्यं, चार जाती, स्पेलिंग एकच. आता सांगा, 'फास्ट म्हणजे काय' या प्रश्नाला वाक्य नसताना उत्तर असू शकतं का? नाही. म्हणून वहीत शब्दांची यादी आणि समोर त्यांची जात असं लिहून घेणं बंद करा, ते नुकसान करतं. शब्दासमोर वाक्य लिहा.

आता ज्या जागी मराठी बोलणारी मुलं जास्तीत जास्त पडतात त्या घेते, सगळ्या नाही, ज्या वारंवार येतात त्याच.

पहिली, 'गुड' आणि 'वेल'. आपण म्हणतो 'तो चांगला खेळतो', 'ती चांगली खेळते'. 'चांगला' चं 'चांगली' झालं, म्हणजे शब्द खेळणाऱ्याप्रमाणे बदलला, म्हणून तो आपल्याला विशेषण वाटतो, आणि इंग्लिशमध्ये लिहिताना 'शी प्लेज गुड' येतं. पण ती चांगली आहे असं आपण सांगत नाही, तिचं खेळणं कसं आहे ते सांगतोय. इंग्लिश इथे कडक आहे, खेळण्याबद्दल बोलायचं तर ॲडव्हर्ब लागणार, 'शी प्लेज वेल'. टेस्ट सोपी आहे, मराठीत त्याच जागी 'छान' किंवा 'नीट' घालून बघा. 'ती छान खेळते', 'तो छान खेळतो', 'छान' बदलत नाही. असा न बदलणारा शब्द अर्थ न बिघडता बसत असेल तर इंग्लिशमध्ये तिथे ॲडव्हर्बच येणार.

पण लगेच उलटी चूक होते, ती पण सांगते. ॲडव्हर्ब व्हर्बच्या मागे येतो एवढं शिकलं की मुलं 'द मँगो टेस्ट्स स्वीटली' लिहितात. आंबा काही गोड रीतीने चव घेत नाहीये, आंबा गोड आहे. 'टेस्ट', 'लुक', 'स्मेल', 'फील', 'साउंड', 'सीम', 'बिकम' हे व्हर्ब आले की त्यांच्या जागी 'इज' किंवा 'वॉज' घालून बघायचं. 'द मँगो इज स्वीट', अर्थ जुळला, म्हणजे ॲडजेक्टिव्ह, 'द मँगो टेस्ट्स स्वीट'. 'शी लुक्ड अँग्री', 'शी वॉज अँग्री', जुळलं. पण 'शी लुक्ड ॲट मी अँग्रिली' यात 'वॉज' घातला तर वाक्यच मोडतं, कारण इथे ती खरोखर बघतेय, बघण्याची क्रिया आहे, म्हणून ॲडव्हर्ब. एकच 'लुक', दोन वागणुकी.

याला जोडूनच 'एलवाय' चा गोंधळ. 'मागे एलवाय दिसला की ॲडव्हर्ब' हा नियम कोण शिकवतं माहीत नाही पण जवळजवळ प्रत्येक मुलाला येतो. 'फ्रेंडली', 'लव्हली', 'लोनली', 'कॉस्टली' हे ॲडजेक्टिव्ह आहेत. 'डेली', 'अर्ली' दोन्हीकडे चालतात. 'फॅमिली', 'जुलै' तर नाऊन, 'रिप्लाय' नाऊन पण आणि व्हर्ब पण. आणि उलट, 'फास्ट', 'हार्ड', 'सून', 'ऑफन', 'नेव्हर', 'ऑलमोस्ट', 'व्हेरी' यांना एलवाय नाही आणि सगळे ॲडव्हर्ब म्हणून येतात. लक्षात ठेवायचंच असेल तर हे ठेवा की नाऊनला एलवाय लावला की बहुतेक ॲडजेक्टिव्ह होतं, 'फ्रेंड' पासून 'फ्रेंडली', आणि ॲडजेक्टिव्हला लावला की बहुतेक ॲडव्हर्ब, 'स्लो' पासून 'स्लोली'. बहुतेक म्हणतेय. 'हार्ड' आणि 'हार्डली' मात्र वेगळेच पाठ करा, कारण 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो खूप काम करतो आणि 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो क्वचितच काम करतो. निबंधात हे उलटं पडलं की सगळा अर्थच उलटतो.

दुसरी मोठी जागा म्हणजे 'इंग'. 'आयएनजी दिसलं की व्हर्ब' असं धरून मुलं चालतात. इथे मराठी आपल्याला फार मदत करते आणि ती कोणी वापरत नाही. 'पोहणं तब्येतीला चांगलं', 'वाहतं पाणी', 'तो पोहतोय', मराठीत तिन्हीची शेपटं वेगळी, णं, तं, तोय. मराठीच्या व्याकरणात पहिल्याला धातुसाधित नाम म्हणतात, दुसऱ्याला धातुसाधित विशेषण, आणि तिसरं सरळ क्रियापद. इंग्लिशने तिन्हीला एकच 'इंग' दिलाय. म्हणून 'इंग' दिसला की मराठीत बोलून बघा. 'स्विमिंग इज गुड फॉर हेल्थ', पोहणं, नाऊनचं काम, याला जेरंड म्हणतात. 'रनिंग वॉटर', वाहतं, ॲडजेक्टिव्हचं काम, पार्टिसिपल. 'ही इज स्विमिंग', पोहतोय, 'इज' च्या जोडीने व्हर्ब.

आणि मग परीक्षेत येतो तो जरा अवघड प्रकार, 'स्विमिंग पूल'. मुलं म्हणतात पूलच्या आधी आहे, म्हणजे 'रनिंग वॉटर' सारखंच. विचारा, पाणी वाहतं का? हो. पूल पोहतो का? नाही, पूल पोहण्यासाठी आहे. 'साठी' आला की जेरंड. 'स्लीपिंग बेबी', बाळ झोपलंय, पार्टिसिपल. 'स्लीपिंग बॅग', बॅग झोपत नाही, झोपण्यासाठी आहे, जेरंड. 'वॉकिंग स्टिक', 'रीडिंग रूम', 'ड्रिंकिंग वॉटर', सगळीकडे तोच प्रश्न विचारा. 'एड' चं पण असंच, 'बॉइल्ड एग' म्हणजे उकडलेलं अंडं, 'लेलं' आलं की विशेषण.

तिसरी जागा, आणि माझ्या मते मराठी मुलांसाठी ही सगळ्यात खोल आहे, 'बिफोर', 'आफ्टर', 'सिन्स', 'अन्टिल' हे शब्द. 'ही केम बिफोर लंच', 'ही केम बिफोर द बेल रँग', 'आय हॅव सीन इट बिफोर'. तिन्हीत मराठीत 'आधी' च येतो, जेवणाआधी, घंटा वाजायच्या आधी, आधी पाहिलंय. पण मधलं बघा, 'वाजायच्या आधी'. मराठी काय करते, घंटा वाजली हे पूर्ण वाक्य मोडून त्याचं 'वाजायच्या' असं नामासारखं रूप करते आणि मग त्याला 'आधी' लावते. इंग्लिश वाक्य मोडत नाही, 'द बेल रँग' हे पूर्ण वाक्य, कर्ता आणि व्हर्बसकट, तसंच ठेवते. म्हणून तिथे 'बिफोर' दोन वाक्यं जोडतोय, कंजंक्शन. 'लंच' च्या आधी आला तेव्हा नुसतं नाऊन आहे, प्रिपोझिशन. आणि तिसऱ्यात त्याच्यापुढे काहीच नाही, ॲडव्हर्ब. म्हणजे नजर पुढे टाकायची, नुसतं नाऊन असलं तर प्रिपोझिशन, व्हर्बसकट वाक्य असलं तर कंजंक्शन, काहीच नसलं तर ॲडव्हर्ब. एवढ्या एका टेस्टने 'आफ्टर', 'सिन्स', 'अन्टिल' सगळ्यांचे प्रश्न सुटतात.

फक्त 'आफ्टर ईटिंग' सारखं आलं तर 'ईटिंग' ला व्हर्ब धरून कंजंक्शन लिहू नका, ते जेवणं आहे, वर सांगितलेलं जेरंड, म्हणून 'आफ्टर' तिथे प्रिपोझिशन.

'बट' पण याच वर्गातला. 'पण' या अर्थी कंजंक्शन, हे सगळ्यांना येतं. 'नोबडी बट हिम', म्हणजे त्याच्याशिवाय कोणी नाही, इथे प्रिपोझिशन. 'ही इज बट अ चाइल्ड', म्हणजे तो फक्त लहान मूल आहे, इथे ॲडव्हर्ब. मराठी अर्थ पण, शिवाय, फक्त यातला कोणता बसतो ते बघितलं की झालं. हा प्रश्न स्पर्धा परीक्षेच्या तयारीत हटकून भेटतो.

'दॅट' ची भीती पण अशीच मराठीतून घालवता येते. 'आय नो दॅट ही इज अ टीचर', मराठीत 'की' आला, कंजंक्शन. 'द बस दॅट गोज टू पंढरपूर', 'जी बस पंढरपूरला जाते', 'जी' आली, रिलेटिव्ह प्रोनाऊन. 'दॅट इज माय बस', 'ती माझी बस', 'ती' एकटी, प्रोनाऊन. 'दॅट बस इज फुल', 'ती बस', लगेच पुढे नाऊन चिकटलंय, ॲडजेक्टिव्ह, नवीन पद्धतीने डिटरमायनर, म्हणजे नाऊनच्या आधी उभं राहून कोणता ते ठरवणारा शब्द. 'इट इज नॉट दॅट फार', 'इतकं लांब नाही', ॲडव्हर्ब. की, जो-जी-जे, तो-ती-ते, इतकं, मराठीने चार वेगळे शब्द ठेवलेत तिथे इंग्लिशने एकच ठेवलाय. त्यातल्या त्यात कठीण जोडी म्हणजे 'द न्यूज दॅट ही पास्ड' आणि 'द न्यूज दॅट ही ब्रॉट'. पहिल्यात 'तो पास झाला ही बातमी', बातमी काय आहे ते सांगितलं, 'की' बसतो, कंजंक्शन. दुसऱ्यात 'त्याने जी बातमी आणली ती', 'जी' बसते, प्रोनाऊन. ही जोडी ज्याला जमली त्याला 'दॅट' जमला असं समजायला हरकत नाही.

मुलांना वाटतं इंग्लिशच्या तासाला मराठी डोक्यातून काढून टाकली पाहिजे. मला ते अजिबात पटत नाही. मराठी ज्या ठिकाणी जास्त बारकाईने फरक करते तिथे ती वापरायची, जसं इंग आणि दॅट, आणि जिथे ती वेगळ्या वाटेने जाते तिथे सावध व्हायचं, जसं बिफोर आणि गुड-वेल. हे दोन गट वहीच्या मागच्या पानावर वेगळे लिहून ठेवा.

सावध व्हायच्या गटात प्रिपोझिशन पण टाका. मराठीत त्याला शब्दयोगी अव्यय शिकवतात आणि तिथेच मुलांची नजर चुकीच्या बाजूला वळते. आपला शब्दयोगी नामाच्या मागे चिकटतो, टेबलाखाली, घरासमोर, आणि बरेचदा 'त', 'ला', 'हून' असे प्रत्ययच ते काम करतात. इंग्लिशमध्ये तो नाऊनच्या आधी, सुटा उभा असतो. म्हणून 'अंडर द टेबल' मध्ये 'अंडर' कोणाचा, तर मागच्याचा नाही, पुढच्या टेबलाचा.

काही वेळा प्रिपोझिशन वाटतो तो असतच नाही. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'लुक ॲट द फॅन' दिसायला सारखे. पण 'टर्न द फॅन ऑफ' म्हणता येतं, 'लुक द फॅन ॲट' म्हणता येत नाही. उचलून नाऊनच्या पलीकडे ठेवता आला तर तो ॲडव्हर्ब, व्हर्बच्या जोडीचा. नाही ठेवता आला तर बहुतेक वेळा प्रिपोझिशन. 'होम' चं पण सांगून टाकते, 'आय वेंट टू होम' ही चूक रोजची आहे. 'गो होम' मध्ये 'होम' म्हणजे 'घर' नाही, 'घरी', जागा दाखवणारा ॲडव्हर्ब, त्याला 'टू' लागत नाही. 'माय होम इज इन सातारा' मध्ये 'घर', नाऊन.

एक गोष्ट डोळ्याने होत नाही, कानाने होते. 'रेकॉर्ड', 'प्रेझेंट', 'ऑब्जेक्ट', 'परमिट', 'प्रोड्यूस' हे शब्द नाऊन असतात तेव्हा पहिल्या भागावर जोर येतो आणि व्हर्ब असतात तेव्हा दुसऱ्या भागावर. 'ही ब्रोक द रेकॉर्ड' आणि 'प्लीज रिकॉर्ड धिस' मोठ्याने म्हणून बघा. मराठीत जोर सरकवून शब्दाची जात बदलत नाही, त्यामुळे आपला कान याला सरावलेला नसतो, मुद्दाम ऐकवावं लागतं. जात ओळखता आली की उच्चार सुधारतो, हा बोनस.

आता ज्यावरून घराघरांत वाद होतात तो प्रश्न, पार्ट्स ऑफ स्पीच आठ की नऊ की दहा, आणि आर्टिकल, म्हणजे 'अ', 'ॲन', 'द', कशात धरायचं. मुलगा एका पुस्तकात 'द' ला ॲडजेक्टिव्ह वाचतो, दुसऱ्यात डिटरमायनर, आणि त्याला वाटतं एक पुस्तक चुकीचं आहे. दोन्ही बरोबर, मोजायची पद्धत वेगळी. आठ हा आकडा ग्रीकांकडून आलाय, दियोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात आठ जाती आहेत, आणि गंमत म्हणजे त्या आठात आर्टिकल आहे, पार्टिसिपल पण वेगळी जात आहे, पण ॲडजेक्टिव्ह वेगळं नाही आणि इंटरजेक्शनही नाही. लॅटिनमध्ये आर्टिकलच नसतं, तिथे त्या रिकाम्या जागी इंटरजेक्शन आलं आणि आकडा आठच राहिला. आपल्याकडे यास्क या प्राचीन भाषापंडिताने चारच सांगितल्या होत्या, नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्ययं). आणि मराठीत ज्या आठ आपण शिकतो, त्यांची मांडणी दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या 1836 च्या व्याकरणापासूनची, आणि ते व्याकरण इंग्लिशच्या धर्तीवर रचलेलं. म्हणून मराठीची आठ नावं इंग्लिशच्या आठ नावांसमोर इतकी तंतोतंत बसलेली दिसतात आणि मुलांना वाटतं की आतला कारभार पण तंतोतंत तसाच असणार. नावं जुळतात, कारभार जुळत नाही, शब्दयोगीचं वर बघितलंच. कॉम्प्युटरला भाषा कळावी म्हणून वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला जातीची खूण लावतात, तिथल्या एका पद्धतीत तर सतरा जाती धरतात. तेव्हा परीक्षेसाठी एवढंच करा, तुमच्या बोर्डाच्या किंवा त्या परीक्षेच्या पुस्तकात जी नावं आहेत ती लिहा. 'माय', 'धिस', 'द', 'सम' यांना ते डिटरमायनर म्हणत असतील तर डिटरमायनर, ॲडजेक्टिव्ह म्हणत असतील तर ॲडजेक्टिव्ह. शब्दाचं काम दोन्हीकडे तेच आहे, नाऊनच्या आधी उभं राहून कोणता, कोणाचा, किती ते सांगणं.

'स्कूल बस', 'कॉटन शर्ट' वर पण हाच वाद. 'स्कूल' इथे नाऊनच आहे, फक्त ॲडजेक्टिव्हच्या जागी बसून काम करतोय. खरं ॲडजेक्टिव्ह असतं तर 'व्हेरी स्कूल बस' म्हणता आलं असतं, किंवा 'द बस इज स्कूल'. नाही म्हणता येत. तरी काही पेपरात उत्तर ॲडजेक्टिव्ह धरतात, म्हणून चार पर्याय बघून ठरवा, पर्यायात नाऊन नसेल तर ॲडजेक्टिव्ह.

सराव कसा करायचा ते पालकांसाठी सांगते, कारण मला हेच सगळ्यात जास्त विचारलं जातं. नवीन गाईड आणू नका. मुलाच्या इंग्लिशच्या पुस्तकातला वाचून झालेला धडा घ्या, एक परिच्छेद पुरे. पेन्सिलने पहिल्या फेरीत फक्त व्हर्बखाली रेघ, काळ बदलून खात्री करत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक व्हर्बला 'कोण' आणि 'काय' विचारून नाऊन आणि प्रोनाऊन. तिसऱ्यात त्यांना चिकटलेले शब्द. जे उरतील ते ॲडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन, आणि त्यांना 'पुढे काय आहे' ही टेस्ट. मुलाने उत्तर दिलं की बरोबर-चूक नंतर सांगा, आधी विचारा 'कशावरून'. 'व्याख्येत आहे म्हणून' असं आलं तर मान्य करू नका, 'द च्या नंतर आहे म्हणून', 'काल म्हटलं की बदलतो म्हणून' असं उत्तर यायला पाहिजे. तुम्हाला स्वतःला इंग्लिश येत नसलं तरी हे करता येतं, कारण मूल वाक्यातली जागा बोटाने दाखवतंय की हवेत उत्तर देतंय ते कोणालाही दिसतं.

अडलं तर डिक्शनरी उघडा, पण शब्दाचा पहिला अर्थ वाचून बंद करू नका. 'राउंड', 'बॅक', 'वेल', 'लाइट' असे शब्द काढा, प्रत्येकाखाली नाऊन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब असे वेगळे गट केलेले असतात आणि प्रत्येक गटात उदाहरणाचं वाक्य असतं. तुमच्या प्रश्नातलं वाक्य त्यातल्या कोणत्या वाक्याच्या साच्याचं आहे ते जुळवा, तो गट म्हणजे उत्तर.